जीपच्या केबिनमधली इंजिनाची आणि सायलेन्सरची उष्णता कमी करताना: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटेवर जीप लो रेंजमध्ये (हळू पण जास्त जोर देणाऱ्या गिअरजोडीत) घालून अर्धा तास चढण चढली, की पायाखालचा पत्रा बुटाच्या तळव्यातून जाणवू लागतो, गिअरच्या दांड्याभोवतीच्या फाटक्या रबरातून येणारा झोत पोटरीला लागतो आणि बाहेर वारा गार असला तरी आत बसवत नाही. महिंद्राची एमएम ५४०, २०१० साली आलेली थार, मारुती जिप्सी, विलीजच्या घडणीच्या त्याहून जुन्या जीप, या सगळ्यांच्या मालकांकडून ही तक्रार ऐकू येते. नवा मालक तिच्यावर पहिला उपाय करतो तो बहुधा चंदेरी चटईचा: दुकानातून गुंडाळी आणायची आणि केबिनच्या तळाला चिकटवून टाकायची. चटई उपयोगाची आहे, पण ती या कामातली शेवटची पायरी आहे. आधी उष्णतेचे मूळ, मग भोके, मग पाइप आणि पत्रा यांच्यामधली ढाल आणि त्यानंतर आतली चटई, हा क्रम पाळला तर खर्च कमी होतो. क्रम उलटा केला तर महागडी चटई गळका धूर झाकून ठेवण्याचे काम करते.

उष्णता आत कशी येते

इंधन जळून निघणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाके फिरवण्याच्या कामी येते, एक तृतीयांश कूलंटमार्फत रेडिएटरकडे जाते आणि उरलेली एक तृतीयांश धुराबरोबर एक्झॉस्टमधून बाहेर पडते. रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीखालून वाहणारा वारा यातली बरीच उष्णता उचलून नेतो. लो रेंजमध्ये मात्र इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्या घेत असते आणि गाडी माणसाच्या चालीने सरकत असते, त्यामुळे उष्णता तयार होत राहते पण तिला वाहून नेणारा वारा नसतो. हमरस्त्यावर कधीही न जाणवणारा त्रास नदीच्या पात्रात किंवा खडकाळ चढणीवर एकदम जाणवू लागतो तो यामुळे.

केबिनमध्ये ही उष्णता तीन वाटांनी शिरते आणि प्रत्येक वाटेवरचा इलाज वेगळा आहे. पहिली वाट गरम हवेची: बोनेटखालची हवा फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतल्या) भोकांतून आणि फटींतून थेट आत येते. दुसरी वाट प्रारणाची: शेकोटीसमोर बसल्यावर चेहरा भाजतो आणि पाठ गार राहते, तसा तापलेला पाइप समोरच्या पत्र्याला हवेची मदत न घेता तापवतो. तिसरी वाट वहनाची: एकमेकांना टेकलेल्या धातूंमधून उष्णता पुढे सरकते.

यातल्या प्रारणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. पाइपाचा पृष्ठभाग ४०० अंश सेल्सिअसवरून ३०० अंशांवर आणला तर त्यातून निघणारे प्रारण जवळजवळ निम्मे होते. गंजलेला किंवा काळा पत्रा त्याच्यावर पडणारे बहुतेक प्रारण शोषून घेतो, तर चकचकीत अॅल्युमिनियम नव्वद टक्क्यांहून अधिक परत फिरवतो. वहनाचा हिशेबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. साध्या पोलादाची उष्णतावाहकता दर मीटर-केल्व्हिनला सुमारे ५० वॉट, अॅल्युमिनियमची २०० च्या आसपास आणि स्थिर हवेची जेमतेम ०.०२६ असते. अॅल्युमिनियमचा चकचकीत थर पत्र्याला घट्ट चिकटवला तर तो आरसा राहत नाही, निव्वळ उत्तम वाहक होतो. त्याच्या आणि तापलेल्या वस्तूच्या मध्ये हवेची पोकळी असेल तेव्हाच तो प्रारण परतवतो. बाजारातल्या अर्ध्याअधिक चुकीच्या जोडण्या हे एवढे माहीत नसल्यामुळे होतात.

आधी मोजणी

काम सुरू करण्यापूर्वी इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे बाजारात ज्याला टेंपरेचर गन म्हणतात ते साधन, मिळवावे. केबिनमध्ये खडूने सहा-सात जागा खुणा करून ठेवाव्यात: चालकाच्या पंज्यापुढचा पत्रा, पेडलांमागची फायरवॉल, टनेलचा (गिअरबॉक्सवरच्या उंचवट्याच्या पत्र्याचा) पुढचा भाग, गिअरच्या दांड्याची बाजू, शेजारच्या प्रवाशाची पाय ठेवण्याची जागा, आसनांखालचा पत्रा आणि मागचा तळ. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, म्हणजे उन्हाने पत्रे तापलेले नसताना, ठरलेल्या वाटेवर चाळीसेक मिनिटे गाडी चालवून या जागांचे तापमान आणि बाहेरच्या हवेचे तापमान वहीत लिहावे. ऊन आणि इंजिन यांचा हिशेब वेगळा ठेवला नाही तर काळ्या कापडी टपाचा दोष सायलेन्सरच्या माथी बसतो.

हे साधन चकचकीत धातूवर खरे तापमान दाखवत नाही, पुष्कळ कमी दाखवते. रंगवलेल्या पत्र्यावर ते ठीक चालते. चकचकीत जागेवर आधी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजावे, आणि स्टेनलेस स्टीलच्या पाइपावर उष्णतारोधक काळ्या रंगाचा ठिपका द्यावा. धातूचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास गेला की काही सेकंदांच्या स्पर्शानेही त्वचा भाजते, त्यामुळे इतके आकडे जिथे येतील तिथून कामाला सुरुवात करावी.

वहीतले आकडे रोगाचे नावही सांगतात. फायरवॉल दोन्ही बाजूंना सारखी तापलेली असेल आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटाही चढा असेल, तर दोष इंजिनाच्या शीतकरणात आहे. तळपत्र्यावर एखादाच लांबट पट्टा तापत असेल, तर त्याच्याखालून एक्झॉस्टचा पाइप जात असणार. पत्रे कोमट आणि हवा मात्र गरम असेल, तर कुठेतरी भोक आहे.

धुराची गळती: इथे तडजोड नाही

एक्झॉस्टच्या गळतीतून गरम वायूबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे उन्हाचा त्रास समजून दुर्लक्षिली जातात. पेट्रोलच्या गाडीत हा धोका डिझेलपेक्षा जास्त असतो, पण डिझेलची गाडी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. गाडीतून उतरल्यावर थोड्या वेळात बरे वाटत असेल, तर उष्णतेचा विचार बाजूला ठेवून आधी गळती शोधावी.

गळती शोधण्याची योग्य वेळ इंजिन थंड असतानाची आहे. गाडी मोकळ्या जागेत उभी करून इंजिन सुरू करावे आणि मदतनिसाला जाड ओल्या फडक्याने टेलपाइपाचे तोंड काही सेकंद अंशतः दाबून धरायला सांगावे. मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या ओतीव भागाच्या) गॅस्केटमधून, त्याच्यापुढच्या डाउनपाइपाच्या जोडातून किंवा सायलेन्सरच्या तड्यातून फुसफुस ऐकू येते. संशयाच्या सांध्यावर साबणाचे पाणी टाकले तर बुडबुडे दिसतात. जुनी गळती काजळीच्या काळ्या ओघळावरून उजेडातही ओळखता येते. मॅनिफोल्डचे तुटलेले स्टड आणि जळालेले गॅस्केट हे जुन्या जीपमधले नेहमीचे दोषी आहेत. कुशल हाताशिवाय तुटलेला स्टड काढण्याच्या फंदात पडू नये, कारण तो हेडमध्ये अर्धवट मोडला की काम कैकपटींनी वाढते.

मागून उघड्या जीपची आणखी एक अडचण आहे. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथला धूर उलट केबिनमध्ये ओढला जातो. टेलपाइपाचे तोंड गाडीच्या पत्र्याखाली संपत असेल, खडकावर आपटून तो तुटलेला असेल किंवा दिसायला बरा म्हणून आखूड करून घेतला असेल, तर तो मागच्या कडेच्या बाहेर येईल इतका वाढवून घ्यावा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म केबिनमध्ये ठेवणे हा खर्च कमी आणि उपयोग मोठा असा उपाय आहे.

इंजिन मुळातच जास्त तापत नाही ना

रेडिएटरच्या पात्यांमध्ये चिखल आणि गवताचे बी अडकलेले असते. ते इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, पाण्याचा दाब कमी ठेवून धुवावे. प्रेशर वॉशरने पाती वाकतात. पंख्याभोवतीचे आवरण जागेवर आहे का ते पाहावे. इंजिन बदललेल्या जुन्या जीपमध्ये हे आवरण बसत नाही म्हणून काढून टाकलेले असते आणि मग पंखा रेडिएटरच्या पूर्ण क्षेत्रातून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत राहतो. थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप) काढून टाकला की गाडी गार राहते ही गॅरेजांमधली समजूत मान्य करू नये. तो चांगल्या स्थितीत ठेवावा. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असावे, आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

डिझेल पंप वाढवून घेतलेला असेल आणि चढणीवर काळा धूर निघत असेल, तर ते जास्तीचे इंधन ताकद थोडी आणि एक्झॉस्टचे तापमान जास्त वाढवत असते. इंजेक्शनचे टायमिंग मागे पडले तरी हाच परिणाम होतो. पंप पूर्ववत करून घेणे हा केबिन गार करण्याचा उपाय म्हणून कुणी सुचवत नाही, पण अनेक जीपच्या बाबतीत तोच पहिला उपाय असायला हवा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) यांमधल्या तेलाची पातळीही तपासावी, कारण टनेल तापवण्यात त्यांचाही वाटा असतो.

भोके आणि फटी

हे काम स्वस्त आहे, मापून पाहता येते आणि त्याचा परिणाम सर्वांत लवकर जाणवतो. रात्री गाडी अंधारात उभी करावी, एकाने बोनेट उघडून फायरवॉलवर आणि नंतर गाडीखालून प्रखर टॉर्च फिरवावा आणि दुसऱ्याने आत वाकून जिथे जिथे उजेड दिसेल तिथे खूण करावी. आपली गाडी किती चाळणी झालेली आहे हे पहिल्यांदा तेव्हा कळते. जुन्या विलीज घडणीच्या जीपमध्ये क्लच आणि ब्रेकची पेडले तळपत्र्याला आरपार जातात, त्यामुळे तिथली भोके मोठी असतात. त्याशिवाय स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचे रबर, गिअर आणि ट्रान्सफर केस यांच्या दांड्यांवरचे बूट (रबरी आवरणे), वायरिंग आणि स्पीडोमीटरची केबल जिथून आत येतात तिथले ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणाऱ्या रबरी कड्या), आणि कधीकाळी बसवून काढून टाकलेल्या सामानाची उघडी राहिलेली भोके, हे सर्व पाहावे. टनेलवरचे सुटे झाकण स्क्रूंनी बसवलेले असते. गिअरबॉक्स उतरवताना ते निघते आणि परत बसवताना निम्मे स्क्रू गायब असतात. सगळे स्क्रू नव्याने भरून झाकणाच्या कडेखाली बंद छिद्रांच्या रबरी फोमची पट्टी घालावी.

वायरींच्या भोकांना योग्य मापाचे रबरी ग्रोमेट बसवावेत. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या दुकानांत ते सहज मिळतात. रिकामी भोके पत्र्याचा तुकडा रिव्हेट करून आणि कडेला जास्त तापमान सोसणारे सिलिकॉन लावून बुजवावीत. हलणाऱ्या दांड्यांभोवती सिलिकॉन भरू नये, तिथे नवे बूटच बसवावेत, आणि पेडल पूर्ण दाबून ते कुठेही अडकत नाही ना याची खात्री करून घ्यावी. फुगणारा पॉलीयुरेथेन फोम कितीही सोयीचा वाटला तरी फायरवॉलवर वापरू नये, कारण तो पेट घेतो. तळातली पाणी निघून जाण्याची भोके कायमची बुजवू नयेत; त्यांना काढता येण्याजोगे रबरी बूच लावावेत, नाहीतर नदी ओलांडल्यावर आत शिरलेले पाणी तिथेच राहते.

हीटर असलेल्या गाड्यांत आणखी एक तपासणी करावी. हीटरचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल, तर गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या कोअरमधून (हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून) अखंड फिरत राहतो आणि चालकाला वाटते की फायरवॉल तापते आहे. हीटर बंद असताना त्याच्या दोन्ही नळ्या हाताला गरम लागत असतील, तर ते याचेच लक्षण समजावे. मात्र काही गाड्यांत व्हॉल्व्ह नसतोच, तिथे फक्त झडप हवा वळवते. त्यामुळे निष्कर्ष काढण्याआधी आपल्या गाडीची रचना पाहावी. कोकणात किंवा विदर्भात फिरणाऱ्या गाडीला हीटर नकोच असेल, तर इंजिनाकडची दोन तोंडे एका नळीने एकमेकांना जोडून वळसा द्यावा. तोंडे बूच मारून बंद करू नयेत, कारण काही इंजिनांत कूलंटचा प्रवाह याच वाटेवर अवलंबून असतो.

पाइप आणि पत्रा यांच्यामधली ढाल

या सगळ्यानंतरही तळपत्रा तापत असेल, तर उष्णतारोधक ढाल बसवावी. कारखान्यातून आलेल्या गाडीला अशा ढाली असतात, पण त्यांचे बोल्ट गंजून खडखड सुरू झाली की गॅरेजमध्ये त्या काढून टाकल्या जातात. म्हणून आधी गाडीखाली रिकामे ब्रॅकेट दिसतात का ते पाहावे. मूळ ढाल मिळाली तर तीच बसवणे उत्तम. सायलेन्सरची टांगणी रबरे तुटलेली नाहीत ना आणि चासी व बॉडी यांच्यामधली रबरे दबून बॉडी खाली बसलेली नाही ना, हेही पाहावे, कारण दोन्ही कारणांनी पाइप आणि पत्रा यांच्यातले अंतर घटते.

एक्झॉस्ट पूर्ण थंड झाल्यावरच काम सुरू करावे. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करून चाकांना ठोकळे लावावेत आणि ती स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून पाहावा. सायलेन्सरच्या भागासाठी सुमारे १ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा पुरतो. मॅनिफोल्ड आणि टर्बोजवळ मात्र स्टेनलेस स्टील वापरावे, कारण अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच अगोदर मऊ पडते. ढालीची रुंदी पाइपाच्या व्यासाच्या दोन ते तीन पट असावी. पाइप टांगणीवर हलतो, म्हणून त्याच्यापासून ढाल निदान २५ मिलिमीटर दूर असावी, आणि ढाल व तळपत्रा यांच्यामध्येही १५ ते २५ मिलिमीटर पोकळी राहावी. पुढची आणि मागची बाजू उघडी ठेवली तर पोकळीतून वारा खेळतो आणि चिखल पाण्याने धुऊन निघतो. चारही बाजूंनी बंद केलेली ढाल पहिल्याच पावसाळ्यात मातीने भरते, आणि ओली माती ही पोकळी नव्हे.

ढाल शक्यतो चासीला किंवा आडव्या पट्टीला बसवावी. तळपत्र्यालाच बसवावी लागली तर पोलादी स्पेसर (अंतर राखणाऱ्या नळ्या) कमीत कमी आणि बारीक वापरावेत, कारण प्रत्येक स्पेसर हा उष्णतेचा पूल असतो. नायलॉनची कडी असलेले नट इथे टिकत नाहीत, पूर्ण धातूचे लॉकनट लावावेत. वरून भोक पाडण्यापूर्वी खाली ब्रेकची नळी, इंधनाची नळी किंवा वायरिंग नाही ना ते प्रत्यक्ष वाकून पाहावे. विलीज घडणीच्या जीपमध्ये इंधनाची टाकीच आसनाखाली असते, हे तर कधीही विसरू नये. वेल्डिंग करायचेच असेल तर बॅटरीची ऋण तार आधी काढावी, विशेषतः सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिनाच्या गाडीत, कारण तिथे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो.

ढाल पाइपाच्या वर असावी. पाइपाच्या खाली रुंद पत्रे लावले की त्यात वाळलेले गवत अडकते. दिवाळीनंतर सह्याद्रीच्या पठारांवर गुडघाभर सुके गवत उभे असते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या तापट डब्याला) टेकलेल्या गवताला आग लागू शकते. अशा वाटेवरून आल्यावर गाडीखाली एकदा वाकून पाहण्याची सवय ठेवावी.

एक्झॉस्टला पट्टी गुंडाळावी का

मोटारस्पोर्टमधून आलेली ही पद्धत सर्वांना मोह घालते: काचतंतूची किंवा बसाल्टतंतूची पट्टी पाइपाभोवती गुंडाळायची आणि उष्णता आतच ठेवायची. पट्टी काम करते, याबद्दल शंका नाही. पण ती पाणी धरून ठेवते, आणि साध्या लोखंडाचा पाइप तिच्याखाली कुणाला न दिसता गंजतो. चार महिने पाऊस, नदीची पात्रे आणि किनाऱ्यावरची खारी हवा ज्या गाडीच्या नशिबी आहे, तिला पट्टी न गुंडाळता ढाल बसवावी असे माझे स्पष्ट मत आहे. ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळल्याने त्याला तडे जाण्याचा धोका वाढतो. शिवाय वरून तेल गळत असेल तर पट्टी ते शोषते, आणि तापलेल्या पाइपावर तेलात भिजलेली वात असणे म्हणजे काय हे सांगायला नको.

डाउनपाइप स्टेनलेस स्टीलचा असेल, इंजिन तेलाने कोरडे असेल आणि फायरवॉलजवळ ढालीला जागाच नसेल, तर तेवढ्याच तुकड्याला पट्टी गुंडाळण्यास हरकत नाही. हातमोजे, लांब बाह्या आणि मास्क घालून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर साधारण ६ मिलिमीटर चढवत, टोके स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी आवळावीत. सुरुवातीच्या काही तासांत तिच्यातून धूर निघतो, तो बांधणीतल्या द्रव्याचा असतो. त्या काळात गाडी उघड्यावरच चालवावी. पाइप उतरवून त्याला सिरॅमिक लेप देणे हा महाग पण पावसात टिकणारा पर्याय आहे.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांना यातले काहीही करू नये. त्यांच्यातला काजळी गाळणारा फिल्टर स्वतःला स्वच्छ करताना ६०० अंशांच्या आसपास तापतो आणि सेन्सरांचे गणित ठरावीक तापमानावर बसवलेले असते. तिथे फक्त मूळ ढाली शाबूत ठेवाव्यात आणि काही अडचण आली तर सेवा केंद्र गाठावे.

बोनेटचा प्रश्न

बोनेटची मागची कड वॉशर घालून उचलून ठेवण्याची एक युक्ती प्रचलित आहे. रांगत्या वेगात त्या फटीतून गरम हवा खरोखर निघते, पण ती विंडशील्डच्या पायथ्याशी निघते आणि तिथल्या रबरातून किंवा हवा आत घेणाऱ्या जाळीतून केबिनमध्येच येते. वेग वाढला की विंडशील्डच्या पायथ्याशी दाब वाढतो आणि हवा उलट बोनेटखाली ढकलली जाते. बोनेटला झडपांच्या चिरा पाडायच्याच असतील तर त्या पुढच्या अर्ध्या भागात असाव्यात, आणि खाली बॅटरी, फ्यूज किंवा हवेच्या फिल्टरचे तोंड नसावे, कारण त्यांतून पाऊसही येतो. विंडशील्डच्या चौकटीखालचे रबर बदलणे हा त्याहून साधा आणि बहुधा अधिक गुणकारी उपाय ठरतो. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याआधी मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ काय सांगते ते पाहून घ्यावे; आतल्या अस्तराला सहसा अडचण येत नाही, पण एक्झॉस्टचा मार्ग किंवा सायलेन्सर बदलण्याचा प्रश्न वेगळा आहे.

आता चटई

आसने आणि जुने कार्पेट काढून तळपत्रा उघडा करावा. गंज तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक प्रायमर आणि रंग देऊन, पत्रा पूर्ण कोरडा होऊ द्यावा. गंजावर चिकटवलेली चटई गंजासकट सुटते.

बाजारात दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. पहिली ब्यूटाइल रबरावर अॅल्युमिनियमचा थर असलेली जड शीट. ती पत्र्याची थरथर आणि आवाज कमी करते, उष्णता फारशी अडवत नाही, आणि २ मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे सुमारे तीन किलो वजन वाढवते. आवाजासाठी ती पत्र्याच्या पाव ते अर्ध्या भागावर लावली तरी पुरते. दुसरी बंद छिद्रांच्या फोमची हलकी शीट, नायट्राइल रबराची किंवा क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनची. वातानुकूलन यंत्रणांच्या नळांवर हीच वापरतात. उष्णता अडवते ती ही. ६ ते १० मिलिमीटर जाडीचा एक थर फायरवॉलच्या आतल्या बाजूला, टनेलवर आणि पायांखाली द्यावा, सांधे एकमेकांना भिडवावेत आणि त्यांवर खऱ्या अॅल्युमिनियमची टेप लावावी, चंदेरी रंगाच्या प्लास्टिकची नव्हे. पेडलांची पूर्ण हालचाल मोकळी राहते आहे ना, अॅक्सिलरेटर तळाशी टेकतो आहे ना, हे प्रत्येक तुकडा लावल्यावर तपासावे. जाड अस्तराने पेडल अडकणे हा उकाड्यापेक्षा मोठा धोका आहे.

स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम, नमदा आणि जुनी रग यांपासून दूर राहावे, कारण त्या पाणी पितात. छतावर टाकायची डांबरी शीट गरम झाली की मऊ पडते आणि वास मारते, तर थर्मोकोल १०० अंशांच्या आसपासच ढेपाळतो आणि पेटही घेतो. कोणतीही शीट घेण्यापूर्वी तिचा छोटा तुकडा मोकळ्या जागेत चिमट्यात धरून ज्योतीपाशी न्यावा. ज्योत दूर केल्यावर तो जळत राहिला किंवा त्यातून पेटते थेंब गळाले, तर ती शीट केबिनमध्ये लावू नये. एवढे सगळे करूनही फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूला एखादी जागा तापत असेल, तर तिथे आतून जाडी वाढवत बसण्याऐवजी बाहेरून छोटी ढालच लावावी.

अस्तरावर घालण्यासाठी रबरी पायपुसणी सुटी असावीत, चिकटवलेली नकोत. पाण्यातून आल्यावर ती उचलून तळ वाळवता आला पाहिजे.

पुन्हा मोजणी आणि देखभाल

प्रत्येक टप्प्यानंतर त्याच वाटेवर, साधारण तेवढ्याच हवामानात, त्याच खुणांवर पुन्हा तापमान मोजावे आणि त्यातून बाहेरचे तापमान वजा करून तुलना करावी. सगळे उपाय एकदम केले तर कोणत्या पैशाचे चीज झाले ते कळत नाही, आणि अनेकदा भोके बुजवून ढाल बसवल्यावरच आकडे इतके उतरतात की चटई फक्त टनेलपुरती घ्यावी लागते.

चालवण्याच्या सवयींचाही थोडा उपयोग होतो. लांब चढणीनंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे, टर्बो असलेल्या गाडीत तर नक्कीच; बंद केल्यावर बोनेटखालचे तापमान काही काळ वाढतच जाते, म्हणून थांबा मोठा असेल तर बोनेट उघडून ठेवावे आणि दोन्ही बाजूंचे पडदे वर करावेत.

पावसाळा संपल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबरात, ढालीचे बोल्ट आवळून पाहावेत, तिच्या पोकळीतला चिखल पाण्याने काढावा, गिअरच्या दांड्यांचे बूट फाटलेत का ते पाहावे आणि टनेलजवळच्या अस्तराची एक कड उचलून खालचा पत्रा कोरडा आहे याची खात्री करावी. तो ओला आढळला तर अस्तर पुन्हा चिकटवण्याआधी पाणी वरून आले की खालून, ते शोधावे.